दोन डावे पंख

मी आजवर विमानात बसलेलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी विमानांबद्दल बरंच बोलणार आहे आणि वाचणाऱ्याचा गैरसमज झाला तर त्याचंही ओझं माझ्याच डोक्यावर राहील. तिथे आधीच जागा कमी आहे.

सुरतेतल्या आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "पाटील, ती पंखांची गोष्ट लिहा. बहीण-भावाला जोडलंत तुम्ही."

मी म्हटलं, "तसं झालं नव्हतं."

"मग कसं झालं ते लिहा. पण मोठेपणा न घेता." 

मोठेपणा घेण्यासारखं त्यात काही नाहीच. तेव्हा कसं झालं ते लिहितो.

माझे वडील शिरपूरकडून सुरतेत उधन्याला आले आणि जन्मभर कापडाच्या लूमवर उभे राहिले. मी लूमवर गेलो नाही. शाळा सुटल्यावर एका कारखान्यात लागलो, तिथे साडीच्या दुकानांत उभे असतात ते फायबरचे पुतळे बनायचे. साच्यात माल ओतायचा, सुकला की बाहेर काढायचा, घासायचा, रंगवायचा. शेठ सांगायचे, "चेहरा फार करू नको. गिऱ्हाईक साडी बघायला येतं." पुढे सुरतेत इमारती वाढल्या तसे बिल्डर लोक इमारतींची मॉडेलं करून घ्यायला लागले. ते काम मी घरी सुरू केलं. त्यात झाडं फार लागतात. जिथे पुढे पार्किंग होणार असतं तिथे मॉडेलमध्ये हमखास बाग असते. मी एकदा एका बिल्डरला विचारलं, "इतकी झाडं खरंच लावणार?" तो म्हणाला, "तमे लगाडो ने, पाटीलभाई. तमारां मरवानां नथी." माझी झाडं मरणार नाहीत, हे त्याचं खरं होतं. ती अजून कुठल्या तरी ऑफिसात हिरवीगार असतील. त्या सोसायटीवरून जाताना मी दुसरीकडे बघतो.

याच धंद्यात मी एक नियम शिकलो: एका गिऱ्हाइकाचं काम दुसऱ्याला सांगायचं नाही. शेजारशेजारच्या प्लॉटवाले दोन बिल्डर माझ्याकडे यायचे. एकाचं मॉडेल टेबलावर असलं की दुसरा येण्याआधी माझी बायको मंगल त्यावर चादर टाकायची. हा नियम मी कधी मोडला नाही. पुढे जे झालं ते नियम मोडल्यामुळे नव्हे, पाळल्यामुळे झालं.

विमानं नंतर आली. कुणा शौकिनाला एक करून दिलं, त्याने दुसऱ्याला सांगितलं. मी जुनीच विमानं करतो. नव्यांची तयार मॉडेलं खोक्यात मिळतात, जुन्यांसाठी लोकांना माझ्यासारख्याचा दरवाजा वाजवावा लागतो.

काम साधं आहे, फक्त वेळखाऊ आहे. आधी लाकूड आणि पुट्टीचं एक मूळ विमान करायचं. ते इतकं घासायचं की बोट फिरवलं तर कुठे अडू नये. मग त्यावर सिलिकॉन रबर ओतायचं. रबर घट्ट झालं की मूळ तुकडा काढून घ्यायचा आणि राहिलेल्या पोकळीत रेझिन ओतायचं. रेझिन म्हणजे दोन बाटल्यांतली दोन पाणी. एकत्र केली की गरम होतात आणि दगड होतात. त्यात बुडबुडे राहिले तर पंखाला देवी आल्यासारखं दिसतं, म्हणून हवा ओढून काढावी लागते. त्यासाठी मी लग्नाच्या स्वयंपाकाचं एक मोठं जर्मनचं पातेलं घेतलं, त्यावर जाड ॲक्रिलिकचा तक्ता बसवला आणि पंप जोडला. मंगलच्या भावाच्या लग्नात त्याच पातेल्यात वरण झालं होतं. साळ्याला ते अजून माहीत नाही. आता कळेल.

सुरतेचा उन्हाळा रेझिनला मानवत नाही. वैशाखात लांब पंख हळूहळू वाकतो, म्हणून त्याच्या पोटात पोलादी सळई घालतो. ती सळई एका टोकाला दोन बोटं बाहेर ठेवतो आणि विमानाच्या अंगातल्या भोकात ती घुसते. त्यामुळे पंख काढून विमान खोक्यातून नेता येतं. गिऱ्हाइकाने डावा पंख उजवीकडे खुपसू नये म्हणून दोन बाजूंच्या सळया मी मुद्दाम पंखाच्या पुढच्या कडेपासून वेगवेगळ्या अंतरावर ठेवतो. चुकीचा पंख बसतच नाही. या युक्तीचा मला अभिमान होता.

शैलाताई जोगळेकर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक काळा-पांढरा फोटो होता. त्या इथल्या मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. फोटोत एक डाकोटा होतं. डाकोटा म्हणजे दोन पंख्यांचं, शेपटीवर बसणारं जुनं विमान. कुत्रं मालकाची वाट बघत बसतं तसं ते नाक वर करून बसतं. पंखाखाली एक माणूस कापडाला हात पुसत उभा होता.

"हे माझे वडील," त्या म्हणाल्या. "मेकॅनिक होते. ती कंपनी कधीच बंद पडली. आईला एक्याऐंशी पूर्ण होतायत, सहस्रचंद्रदर्शन आहे. ती जन्मात एकदाच विमानात बसली, ती याच विमानात. मला हे करून हवंय."

"पट्टा कुठला रंगवू?" फोटोत खिडक्यांखालून एक जाड पट्टा गेला होता.

"लाल."

"नक्की ना?"

"मी लहानपणी त्याला हात लावलाय. तुम्ही लावलाय का?"

मी लाल लिहून घेतलं. जाताना त्या म्हणाल्या, "कार्यक्रम बारडोलीला आहे, भावाकडे. आई त्याच्याकडे असते. मी फक्त हे ठेवून येणार. त्याच्या घरचं पाणी घेणार नाही." आणि न विचारता कारणही सांगितलं. वडील गेले तेव्हा त्या लांब होत्या, निघाल्या होत्या, वाटेत होत्या. भावाने त्यांच्यासाठी न थांबता अस्थींचं विसर्जन करून टाकलं. तेव्हापासून त्या भावाच्या उंबऱ्याच्या आत गेल्या नव्हत्या. आई सुरतेला यायची ती ड्रायव्हरबरोबर. ड्रायव्हर दोन्हीकडचे डबे पोचवायचा, निरोप नाही.

आठवड्याभरात बारडोलीहून विलास दातार नावाच्या गृहस्थांचा फोन आला. साखर कारखान्यात नोकरी, आवाज मोठा. "आईसाठी एक जुनं विमान हवंय," म्हणाले, आणि मोबाईलवर फोटो पाठवला. तेच विमान, तोच माणूस, तेच कापड.

मी म्हणालो, "घरात आणखी कोणी… म्हणजे तुम्हाला बहीण वगैरे?"

"आहे. त्याचा इथे काय संबंध?"

काही संबंध नाही, असं मी म्हणालो. नियम होता.

"पट्टा निळा," ते म्हणाले.

"लाल असू शकेल का?"

"लाल? हे कोणी भरवलं तुमच्या डोक्यात?"

"कोणी नाही. जुन्या विमानांना लाल असायचा कधीकधी."

"माझ्या बापाचं विमान आहे. निळा म्हणजे निळा."

रात्री जेवताना मंगलला सांगितलं. घरी आम्ही अहिराणीच बोलतो. ती म्हणाली, "सांगी टाका ना दोन्हीस्ले. आपुन काय चोरी करेल से का?"

मी म्हटलं, भावाला सांगितलं तर तो ऑर्डर मागे घेईल, बहिणीला सांगितलं तर तीही घेईल, आणि आईला एकही विमान मिळणार नाही. हे कारण मला त्या वेळी पटलं होतं. खरं कारण वेगळं होतं. शैलाताई शिक्षिका होत्या आणि विलासरावांचा आवाज मोठा होता. मी दोघांना घाबरत होतो.

"तठे त्या मायसमोर दोन इमानं निंघतीन," मंगल म्हणाली. "एक लाल, एक निळं. मंग दखा."

तेच मला दिसत होतं. शैलाताई इतक्या वर्षांनी उंबरा ओलांडणार, खोकं उघडणार आणि समोर भावाचं विमान, वेगळ्या रंगाचं. म्हणजे तुला बाबांचं विमानसुद्धा आठवत नाही, असं दोघं एकमेकांना म्हणणार. तिथून त्या परत फिरल्या तर पुन्हा यायच्या नाहीत. आणि आजींचं वय बघता, पुन्हा म्हणजे कधी?

एवढं कळूनही मी साचा केला. साचा केला की एकाच्या जागी दोन विमानं ओतणं म्हणजे फक्त आणखी थोडं रेझिन. या धंद्यातली ही सोय आहे आणि मोहसुद्धा.

काम चांगलं झालं असं नाही म्हणता येणार. आधी मी सवयीने दोन्ही विमानांच्या नाकात शिसं भरलं, मासेमारीच्या जाळ्याला लावतात ते. नाकाखाली चाक असलेल्या विमानांच्या मॉडेलना ते भरावंच लागतं, नाहीतर ती मागे कलंडतात. डाकोटा मुळातच शेपटीवर बसतं. शिशामुळे दोन्ही डाकोटा नाकावर उभी राहिली, देवळात साष्टांग घालायला निघाल्यासारखी. नाकं कापून परत जोडली.

मग शेपटीवरचं चिन्ह. कंपनीचं चिन्ह उडता पक्षी होतं. अशी चिन्हं मी पर्वत पाटियाजवळच्या हसमुखभाईंकडून पातळ फिल्मवर छापून घेतो. ते खरे साडीच्या स्क्रीनचे कारागीर. त्यांनी फिल्म पाठवली, त्यात शेपटीच्या एका बाजूचा पक्षी पुढे उडत होता आणि दुसऱ्या बाजूचा मागे.

"हसमुखभाई, हा पक्षी उलटा चाललाय."

"उलटो क्यां? बेउ बाजुनां पक्षी एक ज दिशामां छे. साडीनी बॉर्डरमां एवुं ज होय."

"ही साडी नाही. विमान पुढे जातं."

हसमुखभाई म्हणाले, "तो पहेलां कहेवुं जोईए ने." आधी सांगायला हवं होतं, हे त्यांचंही बरोबर होतं.

शेवटी रंग झाले. एकाच्या अंगावर लाल पट्टा, दुसऱ्याच्या निळा. पंख चारही कोरे चंदेरी, कारण फोटोत पंखांवर काही लिहिलेलं दिसत नव्हतं. सुकवण्यासाठी मी पंख दोरीवर चिमट्यांनी लावतो. डाव्या साच्यातले एका दोरीवर, उजव्या साच्यातले दुसऱ्या. तीच पद्धत आहे.

पॅकिंगच्या दिवशी माझं सगळं लक्ष लपवण्यात होतं. शैलाताई स्वतः खोकं न्यायला येणार होत्या, विलासरावांचं बारडोलीला जाणाऱ्या टेम्पोने जाणार होतं. निळं विमान चादरीखाली आहे ना, लाल विमानाच्या खोक्याला निळ्याचा रंग लागलेला नाही ना, शैलाताईंच्या खोक्यावर चुकून दातार असं लिहिलं नाही ना, हे मी पुन्हा पुन्हा बघितलं. पंख मात्र एका दोरीवरचे काढून एका खोक्यात ठेवले आणि दुसऱ्या दोरीवरचे दुसऱ्यात.

कळलं ते कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी. विलासरावांच्या नंबरवरून फोन आला. मी हॅलो म्हणायच्या आत आवाज आला, "पाटील, तुम्ही शुद्धीवर काम करता का?"

"काय झालं?"

"दोन्ही डावे! काल संध्याकाळपासून तासतोय, घासतोय, बसतच नाही."

मागून बाईचा आवाज आला. "आणि माझ्याकडे दोन्ही उजवे. विचार त्यांना."

"विचारतोय ना, ताई."

"तू विचारत नाहीस, ओरडतोयस. इकडे दे फोन. पाटील, मी जोगळेकर बोलतेय. एवढ्या वर्षांत माझ्या वर्गात इतका ढ मुलगा नव्हता."

"आणि दोघांना सांगितलं नाहीत की एकच विमान विकताय!" विलासराव.

"तेच म्हणायचंय मला," शैलाताई म्हणाल्या. "हा अगदी बरोबर बोलतोय."

मी फोन धरून उभा होतो. माझ्या मूर्खपणाविषयी त्या दोघांचं पूर्ण एकमत झालं होतं. मी स्कूटर काढली. मंगल मागे बसली. वाटेत ती हसत होती, ते पाठीला कळत होतं.

तिथे काय झालं होतं ते विलासरावांनी नंतर सांगितलं. ताई आल्या, आईला नमस्कार केला, ओसरीवरच खोकं उघडून बसल्या. विलासराव आतल्या खोलीत आपलं विमान चादरीखाली ठेवून होते. ताई पंख खुपसत होत्या, तो जात नव्हता. त्या हाताने ठोकायला लागल्या तेव्हा विलासरावांना राहवलं नाही. ते आत गेले, आपल्याकडचा एक डावा पंख आणला आणि ताईंच्या पुढे धरला. ताईंनी पंख बघितला, भावाकडे बघितलं, आणि विचारलं, "हा तुझ्याकडे कुठून?"

मी पोचलो तेव्हा पंखांची अदलाबदल झालेली होती. दोन डाकोटा शेजारी शेजारी चौरंगावर उभी होती. भोवती ओवाळायच्या दिव्यांची ताटं मांडलेली. दातार आजी वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या, जरीच्या नऊवारीत हरवलेल्या. बहीण-भाऊ दोन बाजूंना उभे होते आणि भांडत होते.

"आई, तूच सांग. पट्टा लाल ना?"

"निळा, आई. आठव बरं."

आजींनी दोन्हीकडे बघितलं. "पट्टा होता का?" त्या म्हणाल्या.



मग आजींनी हात पुढे केला. बोट पंखाच्या खाली नेलं, लाल विमानाच्या, मग निळ्या विमानाच्या. पलंगाखाली काही गेलंय का ते चाचपावं तसं. "विमानं आणलीत दोन-दोन," त्या म्हणाल्या. "आणि हे कुठायत?"

ते फोटोत होते. पंखाखाली, हात पुसत. दोघांनी मला फोटो दिला होता, दोघांनी मला विमान सांगितलं होतं आणि मी सांगितलं तेवढंच केलं होतं. शैलाताईंनी पदर डोळ्यांना लावला. विलासरावांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू त्यांचे वडील मीच खोक्यात भरायला विसरलो होतो.

"करतो," मी म्हणालो. "करून आणतो."

त्या दिवशी शैलाताई जेवल्या. जेवल्या म्हणजे आधी पदर खोचून वाढायला उभ्या राहिल्या, मग शेवटच्या पंगतीत बसल्या. मला आणि मंगलला आग्रह करून जिलबी वाढली. निघताना दारातून ओरडल्या, "पाटील, चपला बघून घाला. दोन्ही डाव्या घालून जाल!" विलासराव इतके मोठ्याने हसले की शेजारचे बाहेर आले.

नंतर शैलाताईंचा फोन आला. "मला सगळं समजलं," म्हणाल्या. "तुम्ही पंख मुद्दाम बदललेत."

"नाही हो ताई. चूक झाली."

"राहू द्या. चांगली माणसं असंच म्हणतात."

मी तीनदा सांगितलं. प्रत्येक वेळी माझी उंची वाढत गेली. त्यांनी ते मंडळात सांगितलं, मंडळातून ते संपादकांपर्यंत गेलं. तेव्हा लेखी सांगतो: ती चूक होती. दोरीवरचे पंख जसे होते तसे उचलले, एवढंच.

आता दुसरी गोष्ट, जी कुणालाच माहीत नाही.

आजींचे यजमान मी बनवले. बोटाच्या दोन पेरांएवढे. पुतळ्यांच्या कारखान्यात मी कितीतरी माणसं ओतली होती, पण त्यांना चेहरा नव्हता. हा चेहरा करायला विमानापेक्षा जास्त वेळ गेला. फोटो मोठा करून बघितला तर ते हसत होते असंही नाही आणि नव्हते असंही नाही. हातातलं कापड मात्र चांगलं जमलं. त्यावर तेलाचे डागसुद्धा दिले. मग साचा केला, रेझिन ओतलं, एक माणूस काढला.

दोघांचेही फोन आले. विलासराव म्हणाले, "एक इकडे, एक ताईकडे." ताई म्हणाल्या, "एक मला, एक त्याला." आता दोघं एकमेकांसाठीही मागत होते. मी म्हणालो, "एकच निघाला. साचा फाटला."

"परत करा साचा."

"मूळ तुकडाही त्यातच मोडला."

हे अगदी खरं वाटण्यासारखं आहे. लहान साचे फाटतात, बारीक तुकडे मोडतात. दोघांना पटलं. त्यांनी आपसात ठरवलं की वडील आईबरोबर राहतील. आता आजी सुरतेला येतात तेव्हा ते कुंकवाच्या रिकाम्या डबीत, कापसात गुंडाळून येतात आणि लाल विमानाच्या पंखाखाली उभे राहतात. आजी बारडोलीला गेल्या की निळ्याच्या. ने-आण ड्रायव्हर करत नाही. वडील ड्रायव्हरच्या हाती द्यायचे नाहीत, यावरही त्यांचं एकमत आहे. त्यामुळे दर वेळी कोणाला तरी कोणाच्या तरी घरी जावं लागतं, आणि गेलं की जेवावं लागतं.

साचा फाटला नव्हता. तो चांगला होता, त्यातून आणखी वीस निघाले असते. एक काढल्यावर मी ब्लेड घेतलं आणि साच्याचे चार तुकडे केले. मूळ तुकडा हातोडीखाली ठेवला. मंगल दारात उभी होती. तिने तुकडे केराच्या सुपलीत भरून घेतले.

पंखांबद्दल मला जे श्रेय मिळालं ते माझं नाही, आणि जे माझं आहे ते खोटं बोलून केलेलं आहे. आजींना विचारलं असतं तर त्यांना कदाचित दोन्हीकडे एकेक आवडले असते. मी विचारलं नाही.

हे छापून आल्यावर मला फोन येणार, हे नक्की. दोघं चिडलेले असतील. तो फोन एकाच नंबरवरून यावा, एवढीच इच्छा आहे.